मतलई बघ, मग करंडी भर

कबुतरांची पिल्लं वापीच्या रेसला पाठवू का, असं विचारलंस. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. जाणती पाठव, पिल्लं घरी ठेव. जाणत्यांमध्येही ज्यांचं पीस पुरं आलेलं नाही ती ठेव. एवढं वाचून तुझं तोंड उतरलं असेल तर बस जरा, कारण पुढचं मी तुझ्याच बाजूने लिहितेय.

थंडीची काळजी सोड. कबुतराच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. मुंबईत सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. तशा पहाटेही धडधाकट कबुतर पिसं फुगवून निवांत बसलं असतं. वसईच्या होळी बाजारातून दूध आणताना आपल्याला हुडहुडी भरते म्हणून ढाबळीला चहूकडून गोणपाट लावू नकोस. कोंदट हवा आणि ओल त्यांना थंडीपेक्षा वाईट. वारा थेट अंगावर येणारी एकच बाजू बंद कर, वरची फट उघडी राहू दे.

खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. तो कुठल्या बाजूने येतो यावर सगळं ठरतं.

वापी आपल्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. वारा पडलेला असेल आणि कबुतर ताशी ६५ च्या वेगाने आलं, तर पावणेदोन तासांच्या आत ते गच्चीवर हवं. समोरून ताशी २५ चा वारा असेल तर तेच अंतर पावणेतीन तासांचं होतं. पण या दिवसांत समोरून, म्हणजे दक्षिणेकडून, वारा क्वचितच येतो. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकला की मागून गार उत्तरेचा वारा गुजरातवरून खाली उतरतो. तो कबुतरांच्या पाठीशी असतो. म्हणून रेसच्या ग्रुपवरची मुलं म्हणतात, मस्त वारा आहे, टाका सगळी.

पाठीशी वारा जाणत्या कबुतराला फळतो, पिल्लाला नडतो. जाणतं कबुतर वैतरणा ओलांडली, विरार मागे पडलं, की वेग आवरतं. त्याला घराकडचा मुलूख पाठ असतो. पहिल्या वर्षाचं पिल्लू त्या जोराबरोबर वाहत येतं, होळीवरून पुढे निघून जातं, खाडी ओलांडतं, आणि भाईंदरच्या इमारती दिसेपर्यंत त्याला कळत नाही की घर मागे राहिलं. मग कुठल्या तरी थव्यात मिसळतं. तू संध्याकाळभर उत्तरेकडे बघत उभी राहतेस आणि ते असतं दक्षिणेला.

दुसरा धोका आपल्या कोळ्यांना तोंडपाठ आहे, मतलईचा. रात्रभर जमीन निवते, समुद्र मात्र तेवढा निवत नाही, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ऊन चढलं की उलटतो. आपली कबुतरं किनाऱ्याला समांतर येणार, उजव्या हाताला अख्खा समुद्र. डावीकडून ताशी १५ चाच वारा धरला, तरी वापी ते वसई एवढ्या वेळात तो पाखराला २५ किलोमीटर बाजूला लोटू शकतो. जाणतं पाखरू दर थोड्या वेळाने दिशा सावरत येतं. पिल्लू उशिरा सावरतं, आणि तोवर पायाखाली पाणी असेल तर घाबरतं. पाण्यावरून उडायला या जातीलाच आवडत नाही. ना बसायला जागा, ना ओळखीची खूण. समुद्रावरून परत किनाऱ्याकडे यायचं म्हणजे त्याच मतलईला तोंड देत यायचं, तेही दमलेल्या पंखांनी.

म्हणून सोडायच्या आदल्या दिवशी आणि त्या पहाटेही डहाणूच्या वेधशाळेचा वारा बघ, आपल्या गच्चीवरचा नुसता बघून भागणार नाही. आपल्याकडचा जोखायचाच असेल तर पाचूबंदरला जाऊन बोटींवरची निशाणं बघ. गच्चीवर इमारतींमुळे वारा वळतो, तिथला अंदाज फसवा. वारा ईशान्येचा आणि जोराचा असेल तर जाणतीसुद्धा थांबव. धुकं असेल तर वाद घालूच नकोस. कबुतर सूर्यावरून दिशा धरतं, शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वावरून आणि वासावरूनही. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात वासाची बाजू पुढे आणली. घर जवळ आलं की ते रस्ते, रूळ, नदी बघतं. खाड्यांवर धुकं दाटलं असेल तर सूर्यही जातो आणि रूळही. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तो नीट वर येईपर्यंत, उजाडलेलं स्वच्छ दिसेपर्यंत करंडी उघडायची नाही, असं सोडणाऱ्याकडून आधी कबूल करून घे.

आता पाखरू हातात घे. पंख पंख्यासारखा उलगड आणि टोकाकडची दहा मोठी पिसं मोज. पावसाळ्यात सुरू झालेली पीसगळ कुणाची डिसेंबरपर्यंत रेंगाळते. टोकाची शेवटची दोन अजून नळीत असतील, मुळाशी रक्त दिसत असेल, तर ते पाखरू या महिन्यात कुठेच जाणार नाही, भले गेल्या वर्षी त्याने कितीही नाव काढलेलं असो. छातीचं हाड चाचप. ते दोन्ही बाजूंच्या मांसात बुडालेलं हवं, धारदार लागलं तर पाखरू खंगलेलं आहे. घसा गुलाबी, नाकावरचा फुगवटा खडूसारखा पांढरा, शिट घट्ट. आणि सकाळी ढाबळीच्या फरशीवर बारीक मऊ पिसं पडलेली दिसली तर समज, पाखरं बहरात आहेत. ही तपासणी उजेडात कर, घाईघाईत रात्री बल्बखाली नको.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे, ती मांजाची. वापी गुजरातेत आहे. तिथे उत्तरायणाचे पतंग १४ जानेवारीच्या कितीतरी आधीपासून चढतात. जखमी पक्ष्यांसाठी तिथलं सरकार २०१७ पासून दर वर्षी १० ते २० जानेवारीला करुणा अभियान चालवतं, त्यासाठी दवाखाने उघडे ठेवतं. यावरून त्या दहा दिवसांतलं आकाश कसं असतं ते ओळख. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो, आपल्याकडेही. वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, मांजाचा येत नाही. तो पाखराला दिसत नाही आणि पंखाच्या सांध्यात घुसतो. संक्रांतीच्या अलीकडच्या आठवड्यात रेस ठेवली असेल तर माझं जाणत्यांबद्दलचं उत्तरही ‘नको’ असंच आहे. तेव्हा तारीख आधी बघ, वारा नंतर.

बहिरी ससाणाही थंडीतला पाहुणा आहे. खाडीकाठ, मिठागरं, किल्ल्याच्या आजूबाजूचा मोकळा मुलूख, सगळीकडे त्याची नजर. थवा घट्ट राहिला तर तो बहुतेक वेळा चुकतो. मागे पडलेलं, वाऱ्याने लोटलेलं एकटं पिल्लू त्याला सोपं.

ती मुलं तुला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मुलगी आहे म्हणून घाबरते. मग पुराच्या गोष्टी सांगतात, महायुद्धाच्या सांगतात. गोष्टी खऱ्याच आहेत. ओडिशा पोलिसांचं कबुतर पथक १९४६ पासून होतं, आणि १९८२ च्या पुरात बांकी गाव तुटलं तेव्हा निरोप कबुतरांनीच नेले. पण ती शिकवून तयार केलेली जाणती पाखरं होती, आणि पलीकडे माणसं अडकलेली होती. आपल्याकडे काय अडलंय? एक ट्रॉफी, आणि ग्रुपवर चार अंगठे. तू ती पाखरं अंड्यातून निघाल्यापासून वाढवलीस. आठव्या दिवशी पायात रिंग घातलीस, बोटाने दाणा भरवलास. ती कुठे जाणार हे तूच ठरवायचं, ग्रुपने नव्हे. आणि नाव न देण्याला कारण विचारलं तर सांग, पीस पुरं नाही. पाखरं जाणणारा माणूस त्यावर पुढे एक शब्द बोलणार नाही.

चेन्नई, बेंगळुरूकडे हा खेळ फार जुना आणि मोठा आहे. तिथले जुने लोक पिल्लांना पायरीपायरीने लांबवर नेतात. तूही तसंच कर, अंतर वाढवत जा. आधी नालासोपारा, मग विरार, मग वैतरणेपलीकडे सफाळे, नंतर पालघर, शेवटी डहाणू. वैतरणा ओलांडणं ही खरी परीक्षा, म्हणून सफाळ्याहून एकाहून जास्त वेळा सोड. एकदा जोडीने, एकदा एकेकटं. एकेकटं सोडलेलं पिल्लू स्वतः विचार करायला शिकतं. नुसतं थव्यामागे आलेलं पिल्लू वाऱ्यात फुटलं की हरवतं. फेब्रुवारी सरता सरता डहाणू जमलं तर मार्चची रेस तुझीच आहे.

जाणत्यांना निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस मका आणि मूठभर शेंगदाणे वाढव, लांब उडायला चरबी लागते. परत आल्यावर पोटभर जड दाणा टाकू नकोस. आधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ, मग थोडी ज्वारी. करंडीत दाटी नको, तळाला कोरडा भुसा.

आणि हे माझ्यासाठी कर. ढाबळ झाडताना मास्क लाव, झाडण्याआधी फरशीवर पाणी शिंपड, शेजारच्या आजींच्या खिडकीकडे धूळ उडवू नकोस. दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला तेव्हापासून कबुतर म्हटलं की लोकांच्या भुवया चढतात, आणि फुप्फुसाच्या त्रासाची त्यांची भीती खोटी नाही. आजींना तुझी ढाबळ स्वच्छ दिसली तरच ती गच्चीवर टिकेल.

संक्रांत उलटली की शनिवारी मी येते. सफाळ्याची फेरी दोघी मिळून करू, मी करंडी घेऊन गाडीत बसते, तू गच्चीवर घड्याळ धर. तोवर जाणत्यांची पिसं मोजून मला कळव, आणि रेसची तारीख नक्की कुठली ते आजच विचार.