मोडी लिपीची संगणकीय अक्षरे

जुन्या दप्तरांचे वाचन हा केवळ इतिहाससंशोधकांचा विषय राहिलेला नाही. जमिनीचा हक्क, वतन किंवा जातीची नोंद यांचा पुरावा अनेकदा मोडी कागदांतच सापडतो. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा मोडी व उर्दू जाणकारांची निकड प्रकर्षाने जाणवली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली असलेल्या हिंगोली भागातील साखऱ्यासारख्या गावांनाही हा प्रश्न जवळचा आहे.

मोडी ही जलद लेखनाची लिपी होय. आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, शब्दांत अंतर न सोडता मजकूर लिहिला जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी व्यवहारात होती.

संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही. प्रत्येक अक्षराला नेमून दिलेला क्रमांक साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी ‘क’चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५ आहे. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला ७९ स्वतंत्र क्रमांक मिळाले. त्यांत दहा अंकही आहेत. मोडी ‘क’चा क्रमांक ७११८२ आहे. देवनागरीच्या क्रमांकांवर केवळ मोडी वळणे बसविलेला फॉन्ट वापरल्यास, फॉन्ट बदलताच मजकूर देवनागरी होतो व मूळ लिपीची खूण पुसली जाते. स्वतंत्र क्रमांकांमुळे ही उणीव दूर झाली.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. मोडीत एकाच वेलांटीने लिहिलेला शब्द ‘दिन’ की ‘दीन’, हे लिप्यंतरकार संदर्भावरून ठरवितो. मोडी संकेतांत लेखनिकाने लिहिले तेच राहते. त्यामुळे शेजारी दिलेले देवनागरी वाचन कोणालाही पडताळता येते.

तथापि, कागदाचे छायाचित्र घेणे म्हणजे संकेतन नव्हे. छायाचित्रातील अक्षरे ओळखण्यास आजही प्रशिक्षित वाचकाची तपासणी आवश्यक आहे. म्हणून ग्रामपंचायतींनी व शाळांनी जुनी दप्तरे निरुपयोगी समजून नष्ट करू नयेत. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, त्यावर दप्तराचे नाव व पृष्ठक्रमांक नोंदवावा आणि मूळ कागद कोरड्या जागी जपावा. संगणकाने अक्षराला क्रमांक दिला आहे. कागद वाचविण्याचे काम मात्र गावालाच करावयाचे आहे.