टायरही कापडच! रस्त्याचा टायर आणि शर्यतीचा टायर

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात टायर घेताना पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. किंमत किती आणि टिकेल किती? आता जोरदार मोटारसायकली आणि गाड्या आल्या आहेत. तरुण मुले 'ग्रिप' विचारतात, शर्यतीच्या धर्तीचे रुंद, मऊ टायर मागतात. ते घ्यावेत की नाही, हे व्यापारी बंधूंना नीट ठरवता यावे म्हणून हा धडा.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. तरी हा विषय आम्हाला परका नाही, कारण टायरच्या पोटात कापडच असते. वर दिसते ते रबर, पण हवेचा दाब आणि मालाचे वजन पेलतो तो आतला धागा. तो नायलॉनचा, पॉलिएस्टरचा किंवा रेयॉनचा असतो. साध्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे बसवतात. रेडियल टायरमध्ये धागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवा जातो आणि वर पट्टे येतात, म्हणून तो कमी तापतो व रस्त्यावर सपाट बसतो. नायलॉन मजबूत आणि स्वस्त, पण तापला की आकसतो. रेयॉन उष्णतेत आकार सोडत नाही, म्हणून युरोपात वेगवान गाड्यांच्या टायरांत तो वापरला जातो. असा टायरचा रेयॉन धागा आपल्या शेजारी शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात तयार होत आला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता रबर पाहू. शर्यतीच्या टायरचे रबर मऊ असते. तापले की ते रस्त्याला चिकटते आणि वळणावर गाडी धरून ठेवते. शर्यतीआधी असे टायर विजेच्या गरम वेष्टनात गुंडाळून तापवतात, ते याचसाठी. पण कॅम्पातल्या गर्दीत, सिग्नलपाशी थांबत चालणाऱ्या गाडीचा टायर तेवढा तापतच नाही. मग पैसे जास्त, झीज लवकर आणि पकड मात्र अपुरी. लग्नाचा शालू मालावर ताडपत्री म्हणून टाकण्यासारखे हे झाले.

दुसरी गोष्ट पाण्याची. टायरवरच्या खाचा शोभेच्या नसतात. चाकाखालचे पाणी त्या बाहेर फेकतात. कोरड्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या टायरला खाचा नसतात किंवा फारच थोड्या असतात. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. असा पाऊस पडणाऱ्या भागात खाच नसलेला टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ना ब्रेक लागतो, ना हँडल ऐकते.

टायरच्या कडेवरचे आकडे कापडाच्या पन्ह्यासारखे वाचावेत. समजा, '१५०/६० आर १७ ६६ एच' असे लिहिले आहे. रुंदी १५० मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, रिम १७ इंची. ६६ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३०० किलो भार आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेवटी चार आकडी तारीख असते. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली की तो बदललाच पाहिजे. खाचेतला छोटा उंचवटा त्याची खूण दाखवतो.

मग निवड कशी करावी? जीन्सचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोला आधी भाराचा आकडा पाहावा, वेगाचा नंतर. रोजच्या मोटारसायकलीला कंपनीने सांगितलेल्या मापाचा, ओल्या रस्त्यावर पकड देणारा टायर घ्यावा. त्याच रिमवर जास्त रुंद टायर चढवला तर तो आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो आणि वळणे जड होतात. मुलाला वेगाचा खराच शौक असेल, तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या करी ट्रॅकसारख्या बंदिस्त ठिकाणी जावे आणि त्यासाठी टायरचा वेगळा संच ठेवावा. एकाच टायरवर दोन्ही भागवायचे असेल, तर दोन्हीकडे थोडी उणीव राहणार हे आधीच मान्य करावे. आणि कोणताही टायर असो, हवा गाडी थंड असताना कंपनीच्या आकड्याप्रमाणे तपासावी.

टायर विकणाऱ्या बंधूंनाही एक विनंती आहे. ट्रॅकवर झिजलेला टायर 'रेसिंगचा' म्हणून स्वस्तात खपवू नका. गिऱ्हाईकाला तारीख आणि खाच दाखवूनच माल द्या. कापडात खोट निघाली तर ग्राहक ताका परत आणतो. टायरमध्ये निघाली तर तो परत येईलच असे नाही.