जुने घड्याळ : वय किती, दुर्मिळ किती, मोल किती?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, इथे नसले तरी गावाकडच्या कपाटात, एखादे जुने मनगटी घड्याळ असतेच. वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेले एचएमटी, आजोबांचे फेवरल्युबा किंवा आखातातून पहिल्या सुट्टीला येताना काकांनी आणलेले सिको फाइव्ह. अधूनमधून लिलावाच्या बातम्या येतात, कोट्यवधींचे आकडे वाचायला मिळतात आणि मग दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "आपल्या घड्याळाचे किती येतील?" आणि दुसरा, "नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी अशा घड्याळात गुंतवावी का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वाचकांना स्वतः शोधता यावीत यासाठी हा पाठ. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, चांगला उजेड आणि थोडा धीर एवढे पुरे.

१. जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे, दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे

प्रथम एचएमटीचे उदाहरण घेऊ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला १९६१ साली या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावे घरोघरी पोचली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अनेकांनी जुनी घड्याळे शोधायला सुरुवात केली. पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या घड्याळांची संख्या कोटींत आहे. त्यामुळे तुमची 'जनता' कितीही जुनी असली तरी ती दुर्मिळ ठरत नाही.

फेवरल्युबाचेही तसेच. १७३७ साली सुरू झालेले हे स्विस नाव आपल्याकडे इतके रुळले की त्याचे 'सी किंग' हे मॉडेल लग्नात आणि निवृत्तीत भेट म्हणून दिले जाई. ते आजही सहज मिळते. परंतु याच कंपनीने १९६२ साली गिर्यारोहकांसाठी हवेचा दाब आणि उंची दाखवणारे 'बिव्हुआक', आणि १९६८ साली पाणबुड्यांसाठी खोली दाखवणारे 'बॅथी' काढले. संग्राहक शोधतात ते हे. नाव एक, पण मोल वेगळे.

सर्वांत बोलके उदाहरण पाटेक फिलिप या कंपनीच्या १५१८ क्रमांकाच्या मॉडेलचे. हे १९४१ ते १९५४ या काळात सुमारे २८१ इतकेच बनले आणि बहुतेक सोन्याचे होते. साध्या स्टीलचे आजवर फक्त चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले, म्हणजे सोन्याच्या जोडीदारांपेक्षा कितीतरी जास्त. धातूच्या वजनावर भाव ठरत असता तर हे उलटे झाले असते.

तात्पर्य, भाव चढायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : नग थोडे हवेत आणि मागणारे पुष्कळ हवेत. ज्या कंपनीचे नाव कोणी विचारत नाही, तिचे जगातले शेवटचे घड्याळ तुमच्याकडे असले तरी लिलावात हात वर होणार नाही.

कधी कधी घड्याळापेक्षा मालक मोठा असतो. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी दिरहमला विकले गेले. त्याच मॉडेलची इतर घड्याळे त्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत. इथे मागच्या झाकणावर पत्नीने कोरून घेतलेला 'जपून गाडी चालव' अशा अर्थाचा मजकूर होता आणि घड्याळ कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी स्पष्ट होती. नुसते 'अमक्या शेखांनी दिलेले' एवढे सांगून भाव वाढत नाही, पुरावा लागतो.

२. तारखा एकमेकींशी जुळतात का?

आम्हा संगणकवाल्यांची एक सवय आहे. माहितीत घोळ वाटला की एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या नोंदी काढायच्या आणि त्या जुळतात का ते पाहायचे. घड्याळाला हीच रीत लावावी. केस, तबकडी, काटे आणि आतले मशीन या चारही भागांचा काळ एकच असला पाहिजे.

क्रमांक : सिकोच्या मागच्या झाकणावर आधी मशीनचा चार आकडी क्रमांक असतो आणि त्याशिवाय एक अनुक्रमांक असतो. अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरे वापरत. सुरुवात '२५' अशी असेल तर मे १९७२ किंवा मे १९८२. यांतले कोणते हे मशीनच्या क्रमांकावरून ठरते. वाराच्या खिडकीत इंग्रजीबरोबर अरबी वार येत असेल, तर घड्याळ आखाती बाजारासाठी होते असे समजावे. जुन्या रोलेक्सचे क्रमांक पट्टा काढल्यावर केसच्या कडेला दिसतात : बाराच्या बाजूला मॉडेलचा, सहाच्या बाजूला अनुक्रमांक.

रेडियम : अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांना आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण खरे रेडियम साधारण १९६० च्या दशकापर्यंतच वापरात होते. त्यानंतर ट्रिटियम आले. अशा स्विस तबकडीवर खाली 'टी' हे अक्षर दिसते. ट्रिटियमची शक्ती सुमारे १२ वर्षांत निम्मी होते. ५० वर्षांनी ती जेमतेम सहा टक्के उरते. रेडियमच्या घड्याळांत तर चमकणारा लेपच केव्हाच झिजलेला असतो. तेव्हा १९६५ सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ अंधारात हिरवेगार लखलखत असेल, तर लेप नंतर लावला आहे हे नक्की.

राजचिन्ह : हा मुद्दा खास आपल्या इथला. आखाती देशांच्या राज्यकर्त्यांनी आणि सरकारांनी भेटीदाखल देण्यासाठी तबकडीवर राजचिन्ह छापून घेतलेली घड्याळे आढळतात. ओमानची खंजीर असलेली आणि अमिरातीचा ससाणा असलेली रोलेक्स संग्राहकांच्या विशेष आवडीची आहेत. भाव मोठा म्हणून नकलाही मोठ्या. अमिरातीच्या १९७३ सालच्या चिन्हात ससाण्याच्या छातीवर लाल वर्तुळात शिडाचे गलबत होते. २००८ साली ते बदलून राष्ट्रध्वज आणि सात तारे आले. सत्तरच्या दशकातल्या म्हणवणाऱ्या तबकडीवर सात ताऱ्यांचे वर्तुळ दिसले, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

३. 'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

हे नाव ऐकून मुंबईकरांना अभिमान वाटायचे कारण नाही. जगभरचे संग्राहक एका विशिष्ट प्रकारच्या घड्याळाला असे म्हणतात. जुने मशीन चालू करायचे, तबकडी नव्याने रंगवायची, केस घासून चकचकीत करायची, मिळतील ते काटे बसवायचे आणि 'जुने, दुर्मिळ' म्हणून विकायचे. भडक निळ्या-केशरी तबकड्यांची अनेक सिको, सिटिझन, फेवरल्युबा आणि एचएमटी अशीच तयार झालेली असतात.

ओळखायचे कसे? भिंगाखाली कंपनीचे नाव पाहा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेषा कमीजास्त लांबीच्या, तारखेच्या खिडकीपाशी रंग ओघळलेला, असे दिसले की तबकडी रंगवलेली आहे. तबकडी कोरी करकरीत आणि मागचे झाकण झिजलेले, हेही संशयास्पद. वापरायला असे घड्याळ वाईट नसते, पण संग्रहाच्या दृष्टीने त्याचे मोल फारसे नाही.

फसवणूक फक्त स्वस्तातच होते असे नाही. १९५७ सालचे म्हणून सांगितलेले एक ओमेगा स्पीडमास्टर २०२१ साली जिनिव्हात ३१ लाख १५ हजार ५०० स्विस फ्रँकला गेले. खरेदीदार खुद्द ओमेगाचे संग्रहालय होते. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते. जिथे कंपनी फसते, तिथे आपण किती सावध राहायला हवे!

यातून घरच्या घड्याळासाठी एक महत्त्वाचा धडा मिळतो. विकण्याआधी 'जरा चमकवून घेऊ' असे आपल्याला वाटते. तसे मुळीच करू नका. तबकडी रंगवली, केस घासली की मूळ कडा आणि मूळ छपाई कायमची जाते. भिवंडीच्या हवेने पिवळी पडलेली मूळ तबकडी ही नव्या रंगापेक्षा मोलाची असते. मशीनला तेलपाणी जरूर करावे, पण घड्याळजीला स्पष्ट सांगावे की तबकडी, काटे, केस यांना हात लावायचा नाही आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा.

४. लिलावाचे गणित

क्रिस्टीजने दुबईत पहिला लिलाव २००६ साली घेतला. तेव्हापासून हा बाजार आपल्या दारात आला आहे. परंतु बातमीतला आकडा विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराला अधिभार द्यावा लागतो आणि विकणाऱ्याकडून दलाली कापली जाते. न्यूमन यांच्या घड्याळावर हातोडा १ कोटी ५५ लाख डॉलरला पडला होता. वरचे साडेबावीस लाख हा अधिभार.

समजा, हातोडा १०,००० दिरहमला पडला, अधिभार २५ टक्के आणि विक्रीची दलाली १० टक्के आहे. घेणाऱ्याचे १२,५०० गेले, विकणाऱ्याला ९,००० मिळाले. आता घेणाऱ्याला आपले १२,५०० नुसते परत मिळवायचे असतील, तर पुढच्या वेळी हातोडा सुमारे १३,९०० ला पडायला हवा. म्हणजे ३९ टक्के वाढ झाल्यावर नफा शून्य! विमा, दुरुस्ती आणि व्याजाचे नुकसान यात धरलेले नाही.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेला भाव धरू नये, प्रत्यक्ष विकले गेल्याचा भाव धरावा. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल पाहायला मिळतात. त्याच क्रमांकाची, त्याच अवस्थेतली निदान पाच घड्याळे शोधावीत आणि सर्वांत वरचा आकडा सोडून द्यावा. कोविडच्या काळात चढलेले जुन्या घड्याळांचे भाव २०२२ नंतर उतरले, हेही लक्षात असू द्यावे.

५. आरोग्य आणि कायदा

खऱ्या रेडियमची चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही. तो निम्मा व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. १९६० च्या दशकापर्यंतच्या घड्याळाची काच घरी उघडू नये, ठिपके खरवडू नयेत, मुलांच्या हाती देऊ नये. धोका मुख्यतः ती धूळ श्वासात किंवा पोटात जाण्याचा आहे. अशी अनेक घड्याळे झोपायच्या खोलीत साठवू नयेत.

आजोबांचे साखळीचे घड्याळ शंभर वर्षांहून जुने असेल, तर ते भारताबाहेर आणण्याआधी चौकशी करावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ऐतिहासिक महत्त्वाच्या अशा वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. भारतातून महाग घड्याळ घालून निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले की परतताना शुल्काचा वाद होत नाही. इथे दुकानातून घेतलेल्या घड्याळाचे बिल, त्यावरील अनुक्रमांकासह, जपून ठेवावे.

६. मग करायचे काय?

घड्याळ व्याज देत नाही, भाडे देत नाही, आणि गरज पडली त्या दिवशी योग्य भावाला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. म्हणून मुलांच्या शिक्षणाचे किंवा परतीच्या घराचे पैसे यात घालू नयेत. ग्रॅच्युइटी तर मुळीच नाही. हौस असेल तर हौसेपुरते, गेले तरी झोप उडणार नाही एवढेच.

घरातल्या घड्याळासाठी मात्र एक काम या सुट्टीतच करावे. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून एका कागदावर लिहून काढावे : घड्याळ कोणी, कुठे, कोणत्या साली, कशासाठी घेतले, कोणी दुरुस्त केले. जुनी पावती, डबी, घड्याळ घातलेला एखादा फोटो सोबत ठेवावा. उद्या लिलावात गेलेच तर हाच कागद पुरावा म्हणून कामी येईल. आणि नाही गेले, भावंडांत वाटणीची वेळ आली, तर बाजारात दोनशे दिरहमही न येणाऱ्या त्या घड्याळावर सगळ्यांचाच जीव का आहे, हेही त्या कागदावरून पुढच्या पिढीला कळेल.