सुया, लोकर आणि घाबरलेलं कुत्रं : आत्याचे कानमंत्र

पोरी, फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून तू आणलेली कुत्री पलंगाखालून बाहेर येत नाही, नणंदेच्या बाळंतविड्याचं विणकाम अर्धं पडलंय, आणि तुझा जीव टांगणीला लागलाय. ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात असं तू म्हणालीस. मला ते पटत नाही. घाबरलेल्या कुत्र्याजवळ बसून करायला विणकामाइतकं चांगलं काम दुसरं नाही. विणणारं माणूस एका जागी बसतं. त्याची नजर टाक्यांवर असते. हात गुंतलेले असल्यामुळे ते उगाच कुरवाळायला पुढे होत नाही. भेदरलेल्या जनावराला सुरुवातीला माणसाकडून एवढंच हवं असतं.

मला सुया धरायला तुझ्या आजीने शिकवलं. दारी आलेलं कुत्रं खंडोबाचं म्हणून त्याला भाकरीचा तुकडा घातल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. तिच्याकडून घेतलेलं आणि या घरात कुत्री सांभाळताना पारखून घेतलेलं तुला सांगते.

आधी जागा ठरव

रोज त्याच वेळी, त्याच जागी विणायला बस. पाठ भिंतीला असू दे, आणि कुत्री व दार यांच्या मधे बसू नकोस. बाहेर पडायची वाट बंद दिसली की घाबरलेलं जनावर अंगावर येतं. तिच्यासाठी कोपऱ्यात गोणपाट आणि जुनी गोधडी टाक. ती त्या कोपऱ्यात असताना घरातल्या कुणीही, विशेषतः मुलांनी, तिला हात लावायचा नाही. पलंगाखाली बसली तर बसू दे, ओढून काढू नकोस.

टी-पॉइंटवरची कुत्री पर्यटकांच्या गाड्यांवर जगतात. गाड्या आल्या की खायला मिळतं. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, तेव्हा तेही नाही. अशा कुत्र्याला जेवणाचा भरवसा नसतो. म्हणून दोन्ही वेळचं जेवण घड्याळावर दे. पोटाची खात्री पटल्याशिवाय माणसाची खात्री पटत नाही.

बोलावू नकोस, रोखून बघू नकोस

तिच्याकडे तोंड करून बसण्यापेक्षा जराशी बाजू करून बस. डोळ्यांत डोळे घालणं कुत्र्यांत धमकीचं असतं. जवळ आली तर विणणं थांबवू नकोस आणि लगेच हातही पुढे करू नकोस. हुंगू दे, परत जाऊ दे. हात लावायची वेळ येईल तेव्हा डोक्यावरून नको, हनुवटीखालून किंवा छातीशी खाजव.

तिची भाषा शिकून घे. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी अस्वस्थतेची चिन्हं आहेत. यातलं काही दिसलं की तू आणखी दूर सरक. गुरगुरली तर रागावू नकोस. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती मार खाऊन बंद झाली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो.

एका वेळी दोन विणकामं लाव

एक साधं आणि एक नक्षीचं. साध्यात सगळ्या सुया सुलट, किंवा एक सुई सुलट, एक सुई उलट. ते कुत्रीजवळ बसून विणायचं, कारण ते कुठेही सोडून उठता येतं. जाळीची नक्षी, टोपड्याचे घटवायचे टाके, मोज्याची टाच हे सगळं ती गाढ झोपली असेल तेव्हा दुपारी काढ. मोजणी चुकली की आपण वैतागतो, आवाज चढतो, आणि तो आपल्यासाठीच आहे असं तिला वाटतं.

बाळंतविड्याला पट्टे घाल. लेण्यांत जाशील तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचं छत बघ. तिथे टोकदार टोपी आणि पट्ट्यांचे मोजे घातलेला परदेशी पुरुष सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवून ठेवलाय. पट्ट्यांचा तुला आणखी एक उपयोग आहे. दर सहा सुयांनी रंग बदललास तर मधेच उठावं लागलं तरी पट्टे मोजून कुठे होतीस ते कळतं.

घेतलेल्या कामाची तारीख सांगताना हात राखून सांग. नवं कुत्रं घरी आलेल्या महिन्यात नवीन मागणी घेऊच नकोस. बाळंतविडा सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला द्यायचा असेल, तर पाचव्या महिन्यात टाके घालून मोकळी हो.

मधे एक दोरा ओवून ठेव

दर दहा सुयांनी वेगळ्या रंगाचा सुती दोरा शिवायच्या सुईने सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच राहू दे. दचकून ती उठली, पाय अडकला, सुई निसटली, तरी वीण त्या दोऱ्यापर्यंतच उसवते. काम पूर्ण झालं की दोरा ओढून काढायचा. हा उपाय तुझ्या आजीचा, आणि तो कुत्र्यांच्या घरात सोन्यासारखा आहे.

सुया निवडताना आवाज ऐक

लांब स्टीलची सुई शहाबादी फरशीवर पडली की खणकन आवाज होतो आणि आठ दिवसांची जवळीक एका क्षणात जाते. वायरने जोडलेली गोल सुई वापर. तिच्यावर सपाट कामही होतं, टाके वायरवर राहतात आणि ती घरंगळत नाही. बांबूच्या सुया आवाज करत नाहीत, पण चघळायला कुत्र्यांना आवडतात आणि त्यांच्या कपच्या घशात अडकतात. वापरायच्या असतील तर उठताना सोबत ने.

लोकर डब्यात, पिशवी खुंटीला

गुंडा झाकणाच्या डब्यात ठेव आणि दोरा झाकणाच्या भोकातून बाहेर काढ. भोकाची कड घासून गुळगुळीत कर. उठताना सगळं पिशवीत, आणि पिशवी खुंटीला. खुर्चीवर ठेवलेली पिशवी म्हणजे जमिनीवर ठेवलेली पिशवी. शिवायची सुई, सेफ्टी पिना, टाक्यांच्या खुणेच्या कड्या मोजून घे आणि मोजूनच ठेव.

उरलेल्या लोकरीचा गुंडा तिला खेळायला कधीही देऊ नकोस. जुनी लोकर आपली आणि नवी लोकर तुझी, हे तिला कळत नाही. आणि मेंढीच्या खऱ्या लोकरीचा वास कुत्र्यांना ओढतो, म्हणून ती तर जास्तच जपून ठेव.

दोरा गिळला तर

हे नीट ऐक. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असतं, आणि नाडा ओढल्यावर परकराचा नेफा गोळा होतो तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. ओढलं तर ते चिरतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपायही करू नकोस. मीठ स्वतःच विष होऊ शकतं, आणि सुई गिळली असेल तर उलटीत ती घसा फाडते. तडक पशुवैद्याकडे जा. दोरा गिळताना पाहिला नसेल, पण ती सारखी ओकतेय, खात नाही, पोटाला हात लावू देत नाही असं दिसलं, तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस. कुठली लोकर, किती, सोबत सुई होती का, हे डॉक्टरांना सांग. लाज वाटून लपवू नकोस.

फटाके, डीजे, वळवाचा गडगडाट

आपलं गाव जळगाव रस्त्यावर आहे, ट्रकचे हॉर्न रोजचेच. त्याची सवय हळूहळू होते. दिवाळी, लग्नाची वरात आणि मे-जूनचा गडगडाट यांची होत नाही. अशा दिवशी फिरणं ऊन उतरताच, अंधाराआधी उरक. पट्ट्यावर तुझा फोन नंबर असू दे, कारण हरवलेली बरीच कुत्री आवाजाला घाबरून पळालेली असतात. खिडक्या लाव, रेडिओ चालू ठेव आणि तिच्या कोपऱ्याशेजारी साधं विणकाम घेऊन बस. ती तुला चिकटली तर चिकटू दे. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. थरथर फार असेल तर दिवाळीच्या आधीच डॉक्टरांकडून औषध घेऊन ठेव. आपल्या घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी तिला कधीही द्यायची नाही.

तिच्यासाठी विणायचं असेल तर

आधी चौकोन विण. उरलेल्या लोकरीचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोन जोडले की तिच्या कोपऱ्यातलं अंथरूण होतं. पहिला चौकोन न धुता दे. त्याला तुझ्या हातांचा वास असतो, तू घराबाहेर गेलीस की तो सोबतीला राहतो. कडेचे दोरे आत पक्के टाक. तो कुरतडायला लागली तर लगेच काढून घे.

स्वेटर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरता, आणि तोही म्हाताऱ्या, रोड किंवा आखूड केसांच्या कुत्र्याला. मापं तीन : मान, पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि मानेच्या पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. दोन सुलट, दोन उलट अशी वीण ताणते आणि अंगाबरोबर हलते. नर असेल तर पोटाची बाजू आखूड ठेव, नाहीतर स्वेटर लघवीने भिजतो. गुंड्या, गोंडे, लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत. घालायच्या आधी दोन दिवस हुंगू दे, मग नुसता पाठीवर ठेव, मग डोकं घाल, आणि प्रत्येक पायरीला खाऊ दे. अंग आखडून उभी राहिली तर काढ. ऊन वर आलं की काढायचाच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिला लोकर नको, सावली आणि गार पाणी हवं.

बाळाच्या कपड्यांचं काम मात्र वेगळ्या पंचात गुंडाळून ठेव, विणण्याआधी हात धू, आणि देण्याआधी सगळं सौम्य साबणाने धुऊन सावलीत सपाट वाळव.

लस आणि नसबंदी

घरात आणल्यावर पहिल्या आठवड्यातच रेबीजच्या लशीची तारीख घे आणि पुढे दर वर्षी पाळ. नसबंदी कर. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार गावातली मोकाट कुत्री पकडून, नसबंदी आणि लस देऊन, त्यांच्याच भागात परत सोडायची असतात. अशा कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच असते.

आपल्याकडे कुत्रं चावलं की जखमेत मिरचीपूड भरतात. तसं करायचं नाही. हळद नको, चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं देत, त्या भीतीने लोक अजून टाळतात. आता लस दंडात देतात आणि मोजक्याच मात्रा असतात. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या पूर्ण कर. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

शेवटचं सांगणं तुला, आणि तुझ्यासोबत विणणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना. एका जागी तासभर शांत बसणं, उसवलेलं पुन्हा विणणं, घाई न करणं हे तुम्हाला येतं, आणि भेदरलेल्या कुत्र्याला दुसरं काही लागत नाही. विकतचं पिल्लू आणू नका. आपल्याच गल्लीतलं एखादं घाबरलेलं कुत्रं लस देऊन घरात घ्या.