उपकार आणि उपकारस्तुती

‘उपकार’ हा मराठीतला मोठा अवघड शब्द आहे. कोणी आपल्यावर उपकार केले असे म्हणताना आपण त्याची स्तुती करतो आणि त्याच श्वासात थोडे वाकतोही. उपकार फेडावे लागतात. उपकाराचे ओझे होते, माणूस उपकाराखाली दबतो, आणि भांडणात ‘काही उपकार करत नाहीस’ हे वाक्य हमखास येते. हे सारे शब्दप्रयोग एकत्र ठेवून पाहिले तर लक्षात येते की आपल्या भाषेने उपकार हा कर्जाच्या वहीत नोंदवला आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी ती नोंद आहे.

कदाचित यामुळेच मराठी घरात आभार मानण्याची रीत नाही. आईने ताट वाढले म्हणून ‘मी तुझा आभारी आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाची घरात चेष्टाच होईल, किंवा याचे काहीतरी बिनसले आहे असे आई समजेल. आपल्याकडे आभार असतात ते सभेत, तेही अगदी शेवटी, श्रोते चपला शोधू लागल्यावर. जवळच्या माणसाला आभार म्हणणे म्हणजे त्याला परके करणे, ही समजूत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक प्रकारची माया आहे.

अशा या भाषेत मराठी ख्रिस्ती मंडळीने एक शब्द रोजच्या वापरात ठेवला आहे, तो म्हणजे ‘उपकारस्तुती’. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना तो प्रथम ऐकताना विचित्र वाटला. ज्याचे ओझे वाटते त्याची स्तुती कशी करायची, असे एकीने विचारले. तो प्रश्न चांगला होता. मी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे शब्द कानावर होता, पण त्याचा विचार मात्र त्या प्रश्नामुळे करावा लागला. या लेखात तो विचार मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम घरातला वापर पाहू. आमच्यासारख्या घरांत जेवणापूर्वी प्रार्थना होते. ती सहसा घरातला कोणीतरी आपल्याच शब्दांत करतो. लहान मुलाला सांगितले तर ती चार वाक्यांत संपते, आणि पाहुणे म्हणून पाळकसाहेब आले असतील तर भाकरी निवते. या प्रार्थनेत अन्नाबद्दल देवाचे उपकार मानतात, आणि बहुतेक घरांत त्यानंतर एक विनंती येते : ज्या हातांनी हे अन्न शिजवले त्या हातांना आशीर्वाद दे. मला या वाक्याचे फार नवल वाटते. आईला थेट आभार म्हणायचे नाही ही मराठी रीत त्यात पाळली जाते, आणि तरीही आईच्या कष्टांची नोंद सर्वांसमोर, मोठ्याने, दिवसातून दोनदा होते. आई डोळे मिटून ‘आमेन’ म्हणते आणि डोळे उघडून विचारते, ‘आमटीत मीठ बरोबर आहे ना?’ कोणी कोणाच्या ओझ्याखाली येत नाही.

मंडळीतला वापर याहून उघड आहे. रविवारच्या उपासनेत जाहिरातींच्या वेळी उपकारस्तुतीची दाने वाचून दाखवतात. मुलगा बारावी पास झाला म्हणून एक्कावन्न रुपये, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली म्हणून शंभर, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस म्हणून आणखी काही. ही यादी कधीकधी प्रवचनापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली जाते हे मान्य केले पाहिजे, आणि कोणी किती दिले याची चर्चा फाटकाबाहेर होते हेही. परंतु या यादीत आनंदाच्याच गोष्टी नसतात. गेलेल्या माणसाच्या स्मरणदिनीही कुटुंब उपकारस्तुतीचे दान देते. तो गेला म्हणून नव्हे, तो आमच्यात होता म्हणून.

येथे थोडे शास्त्राकडे वळले पाहिजे. ज्याला आपण प्रभुभोजन म्हणतो आणि वसईचे कॅथलिक बांधव ज्याला मिस्सा म्हणतात, त्याचे अगदी जुने ग्रीक नाव ‘यूखारिस्तिया’ असे आहे. त्याचा साधा अर्थ उपकारस्तुती. म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी जे आहे तिचे नावच हे आहे. त्याचप्रमाणे थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना पौल उपकार मानायला सांगतो ते प्रत्येक परिस्थितीत असताना. प्रत्येक परिस्थितीबद्दल असे तो म्हणत नाही. ‘त’ आणि ‘बद्दल’ यांतला फरक व्याकरणाचा दिसतो, पण दुःखात बुडालेल्या घरात प्रार्थना करणाऱ्याला तो फार मोठा आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट शब्बाथ शाळेत प्रत्येक मुलाला सांगतात. दहा बरे झाले, एक परत आला, तोही परका शोमरोनी. म्हणून मुलांनो, तुम्ही नऊ जणांसारखे होऊ नका. मला या गोष्टीत दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. येशूने नऊ जण कोठे आहेत असे विचारले खरे, पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असे लूक कोठेही लिहीत नाही. आभार मानले नाहीत म्हणून दान काढून घेतले गेले नाही. कर्जात आणि कृपेत असलेला फरक तो हाच. कर्ज देणारा हप्ता चुकला की दारात येतो. येथे जो परत आला तो वसुलीच्या भीतीने आला नाही, आनंदाने आला.

आता आपल्या कोल्हापूरकडे यायला हवे, कारण या शब्दाची खरी परीक्षा येथे झाली. अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे धाडणाऱ्या संस्थेशी त्यांचे जमले नाही, आणि १८६१ मध्ये परतल्यावर कित्येक वर्षे त्यांनी कोणत्याही मंडळाच्या पगाराशिवाय, मिळतील त्या देणग्यांवर काम केले. १८७० मध्ये ते काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या मिशनकडे गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ मध्ये येथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा प्रमुख प्रवर्तक झाला. कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली, इस्लामपूर, मिरज अशी मिशनची ठाणी पसरली. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उघडले, आणि त्याची कीर्ती जात-धर्म न पाहता या सर्व मुलखात पोहोचली.

शाळा, दवाखाना, वसतिगृह, नोकरी. हे सारे बाहेरून आले, आणि ज्यांना मिळाले त्यांतले पुष्कळसे लोक गावकुसाबाहेरून आलेले होते. त्यामुळे ‘मिशनचे मीठ खाल्ले’ हा टोमणा त्यांच्यामागे लागला. टोमणा मारणाऱ्यांचे सोडून देऊ, पण मंडळीतल्या जाणत्या माणसांनाही हा प्रश्न टोचत होता : आम्ही देवाचे उपकार मानतो, की साहेबाचे?

या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये मान्यता पावला होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम हाती घेतले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. दरबार फार वाढला नाही. पण मिशनविषयी आदर ठेवूनही मिशनच्या पगारातून बाहेर पडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याचे खरे उपकार मानायचे तो एकच, आणि त्याच्या दरबारात मिशनरी व मराठी माणूस एकाच सतरंजीवर बसतात, असा त्या कृतीचा अर्थ मी लावते.

अर्थात टिळकांचे गुणगान करताना लक्ष्मीबाईंना विसरता कामा नये. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते आणि थोड्या वेळाने आपण कशाला हसलो याचा विचार पडतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी आलेल्याला ते देऊन मोकळे होत, आणि उद्याच्या पिठाची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. पुरुषाने उपकारस्तुती करावी आणि बाईने तिचा हिशेब जुळवावा, हे आमच्या कितीतरी भाविक घरांत अजून चालते. माझी आजी भाकरीचे पीठ मळायला घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकी, मंडळीसाठी. ही मूठ बाजूला काढण्याची रीत अन्यत्रही आहे. मिझोराममधील मंडळीने १९१० पासून मूठभर तांदळाच्या याच रीतीवर आपले मोठे काम उभे केले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ती मूठ घरातल्या बाईचीच असते, आणि बहुधा तिच्याच भाकरीतून कमी होते.

पगार सोडणे टिळकांना शक्य झाले. साध्या मंडळीने मात्र आपले उत्तर निराळ्या ठिकाणी शोधले, असे मला वाटते. ते ठिकाण म्हणजे हंगामाचा सण. कोणी याला सुगीचा सण म्हणतात. याचा आजचा साचा विलायती आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेनस्टो या गावी १८४३ मध्ये रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूने तो सुरू केला. पण पीक आले की पहिला घास वर द्यायचा, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. वसईचे ख्रिस्ती ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतात, गोव्यात राय येथे ५ ऑगस्टला ‘कणसांचें फेस्त’ होते, आणि आपल्या कोल्हापुरात बेंदराला बैलाची शिंगे रंगवताना शेतकरी वेगळे काय करीत असतो?

परंतु ख्रिस्ती मंडळीच्या या सणात एक जास्तीची गोष्ट आहे. जुन्या गावगाड्यात महार-मांगांना त्यांच्या कामाचा मोबदला बलुत्यात मिळे. सुगीला ते खळ्याच्या कडेला उभे राहत, आणि मालक देईल ते पदरात घेत. कष्टाचाच मोबदला, पण मिळे तो उपकार केल्याच्या थाटात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली, ती या अपमानाची जाण ठेवूनच. त्याच घरांतली माणसे हंगामाच्या सणाला डोक्यावर बुट्टी घेऊन उपासना मंदिरात येतात. जोंधळा, भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, भोपळा, पाय बांधलेली कोंबडी. ती वेदीपुढे मांडतात. ज्यांचे आजे-पणजे खळ्याच्या कडेला मागत उभे होते, ते येथे देणारे म्हणून उभे राहतात. ही जागेची अदलाबदल मला कोणत्याही प्रवचनाहून बोलकी वाटते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना आयरिश नेते ओकॉनेल यांचा दाखला दिला होता : स्वाभिमान गहाण टाकून कोणीही कृतज्ञ राहू शकत नाही, अशा आशयाचा. तो इशारा राजकारणातील विभूतिपूजेविषयी होता, पण धर्मालाही तो लागू पडतो. ‘देवाचे उपकार मान आणि गप्प बस’ असे जेव्हा कोणी गरिबाला, आजाऱ्याला, किंवा सासरी गांजलेल्या मुलीला सांगतो, तेव्हा उपकारस्तुतीचे पुन्हा बलुते होते. मंडळीत असे सांगणारे भेटतात. त्यांना पौलाच्या त्या ‘त’ आणि ‘बद्दल’ मधला फरक कोणीतरी समजावून दिला पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर वेढले गेले. नदीकाठची शेते कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. त्यानंतरच्या हंगामाच्या सणाला बुट्ट्या थोड्या होत्या. ज्यांच्याकडे पीक नव्हते त्यांनी दुकानातून आणलेली साखर, साबणाच्या वड्या, काडेपेट्यांचे पुडके असे काहीबाही ठेवले. नदीकाठच्या गावची एक म्हातारी दोन मापटी तांदूळ घेऊन आली होती. तांदूळ तिच्या शेतातला नव्हता. पुरानंतर घरोघर मदत वाटली गेली, त्यातलाच तो होता, आणि तिने ते लपवलेही नाही.

उपासनेनंतर रिवाजाप्रमाणे लिलाव झाला. भोपळा नेहमीप्रमाणे त्याच्या किमतीच्या चौपटीने गेला. तांदळाची पिशवी पुढे आली तेव्हा पहिली बोली एका रिक्षावाल्याची होती. पैसे भरून त्याने पिशवी उचलली आणि परत टेबलावर ठेवली, पुन्हा बोला म्हणून. तांदूळ तीनदा विकला गेला. तिसऱ्यांदा घेणाऱ्याने मात्र तो घरी नेला. दुपारची वेळ झाली होती.