वॉटर फ्लॉसर घेताय? आधी स्केलिंग, मग मशीन

ऑनलाइन बाजारात वॉटर फ्लॉसर हजार रुपयांना मिळतो आणि दहा हजारांनाही मिळतो. दोन्हींचं काम एकच: पाण्याची बारीक, थडथडती धार दातांच्या फटींत आणि हिरडीच्या कडेला मारायची. मग हा दहापट फरक कशाचा, आपल्या घरात त्यातला कुठला चालेल आणि मुळात तो घ्यायची गरज आहे का, हे पैसे टाकण्याआधी बघायला हवं. माझं मत आधीच सांगते. गेल्या वर्षभरात ज्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, करून घेतलेलं नाही, त्यांनी पहिला खर्च तो करावा. मशीनचा विचार त्यानंतर.

याचं कारण आपल्या तोंडातच आहे. दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर रोज साठतो. तो ब्रशने निघतो, फ्लॉसच्या दोऱ्याने निघतो, पाण्याच्या धारेनेही बऱ्यापैकी सैल होतो. पण काही दिवस तसाच राहिला, की लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून बघा. दात वेगवेगळे न लागता एक खरखरीत, सलग पट्टी लागली, तर ते कीटण आहे. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात, म्हणून तिथे ते लवकर धरतं. हे कीटण घरच्या कुठल्याही मशीनने निघत नाही, दहा हजारांच्याही नाही. त्याला डॉक्टरांकडचं स्केलिंगच लागतं.

पुण्या-मुंबईत खासगी दवाखान्यात स्केलिंगला साधारण हजार ते अडीच हजार रुपये लागतात, तालुक्याच्या गावी पाचशे ते हजार. सरकारी दंत महाविद्यालयांत हेच काम फार कमी पैशांत होतं. मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावं लागतं. काम शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतले दरही सहसा बाहेरपेक्षा कमी असतात.

इथे एक समज मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि त्याने फार नुकसान होतं: ‘क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात, फटी पडतात.’ होतं असं, की कीटणाने दातांमधली जागा भरून टाकलेली असते आणि सुजलेली हिरडी वर आलेली असते. कीटण निघतं, आठवड्याभरात सूज उतरते आणि आधीपासून असलेली फट दिसू लागते. हाड आधीच झिजलं असेल तर दाताला कीटणाचाच आधार मिळालेला असतो. तो गेल्यावर हलणं जाणवतं. दात स्केलिंगने सैल झालेला नसतो, कीटणाखालच्या आजाराने झालेला असतो. या भीतीपायी माणसं दहा-दहा वर्षं डॉक्टरकडे जात नाहीत आणि शेवटी पन्नाशीत दात काढायची वेळ येते.

आता मशीनकडे वळू. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी १९६२ साली एक दंतवैद्य आणि एक जलशक्तीचा अभियंता अशा दोघांनी मिळून हे यंत्र तयार केलं. वॉटरपिक ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. धार सलग नसते, मिनिटाला हजाराहून जास्त ठोके देते. ठोका बसला की हिरडीची कड किंचित दाबली जाते, दोन ठोक्यांमध्ये ती सुटते आणि त्या अवधीत सुटा झालेला कचरा पाण्याबरोबर बाहेर येतो.

गुण किती? २०१९ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी दातांच्या फटी घरी साफ करण्याच्या साधनांवरच्या ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. पाण्याच्या धारेने महिनाभरात हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असं त्यात दिसलं. दातांवरचा थर कमी झाल्याचं मात्र ठोस दिसलं नाही. फटीत घालायच्या बारीक ब्रशने सूज आणि थर दोन्ही कमी होऊ शकतात, असं आढळलं. बहुतेक चाचण्या थोड्या मुदतीच्या होत्या आणि पुरावा कच्चाच आहे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून ‘फ्लॉसर घेतला की ब्रश नको’ असं कुणी विक्रेता सांगत असेल तर ऐकू नका. ब्रश रोज दोनदा लागतोच. दाताच्या बाहेरच्या, आतल्या आणि चावायच्या बाजूला तो पोचतो. दोन दात एकमेकांना टेकतात त्या बाजूंना पोचत नाही. प्रश्न तेवढ्याच जागेचा आहे.

त्या जागेसाठी तीन साधनं आहेत, आणि त्यांचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. फ्लॉसचं पन्नास मीटरचं रीळ दीडशे-दोनशे रुपयांना येतं. एका वेळेला हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर दोरा लागतो. एक रीळ साडेतीन महिने पुरतं. वर्षाला माणशी पाचशे ते साडेसहाशे झाले. फटीतल्या ब्रशचं पाच नगांचं पाकीट दोनशेच्या आसपास मिळतं आणि एक ब्रश आठवडा-दोन आठवडे टिकतो. म्हणजे वर्षाला हजार ते दोन हजार. आता चोवीसशेचा बॅटरीवरचा फ्लॉसर धरा. बॅटरी तीन वर्षं चालली तर वर्षाला आठशे. नोझल सहा महिन्यांनी बदलायचं, एकाला शंभर ते दीडशे. एकट्यासाठी घेतला तर वर्षाला हजार-अकराशे, फ्लॉसच्या जवळपास दुप्पट. पण घरातल्या चौघांनी आपापलं नोझल लावून एकच मशीन वापरलं, तर माणशी चारशे-पाचशेच पडतात. म्हणजे मशीन परवडतं ते घरातल्या सगळ्यांनी वापरलं तरच. फडताळात पडून राहिलं, तर सगळ्यात महाग तेच.

खरी गरज कुणाला आहे? दातांना तारा लावलेल्या मुलांना, कारण तारेखालून दोरा ओवणं हा रोजचा छळ होतो. ब्रिज, कॅप किंवा इम्प्लांट असलेल्यांना. आणि ज्यांची बोटं साथ देत नाहीत अशा वडीलधाऱ्यांना. माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. दोरा बोटांना गुंडाळून मागच्या दाढेपर्यंत नेणं त्यांना शक्य नव्हतं. त्या टाचणीने दात कोरायच्या, आणि टाचणीने हिरडी फाटते. फ्लॉसर मुठीत धरता येतो. पहिल्यांदा धार मारली तेव्हा दोन दाढांच्या मधून सकाळच्या शेवग्याच्या शेंगेचा धागा बेसिनमध्ये पडला. ब्रश करून झालेला होता, तरीही. ज्यांची बोटं धड आहेत आणि दातांत काही बसवलेलं नाही, त्यांनी आधी दोरा किंवा फटीतला ब्रश महिनाभर करून बघावा. जमला तर दोन हजार वाचले.

घ्यायचं ठरलं तर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. बॅटरीवरचे फ्लॉसर दीड ते साडेतीन हजारांत मिळतात. टाकी २०० ते ३०० मिलिलिटरची असते, आणि २०० च्या खालची घेऊ नका. अर्ध्या तोंडातच पाणी संपतं. पाण्यापासून संरक्षणासाठी आयपीएक्स७ लिहिलेलं हवं. प्रेशरचे निदान तीन टप्पे हवेत, आणि सगळ्यात खालचा टप्पा खरंच सौम्य हवा. त्याहून स्वस्त मशीनमध्ये बहुधा नेमका हाच टप्पा नसतो, धार एकदम बोचते आणि माणूस दुसऱ्या दिवशी मशीन ठेवून देतो. त्याच कंपनीची नोझलं सुटी मिळतात का, हे मशीन घेण्याआधीच शोधा. बाजारातलं दुसरं नोझल बसेलच असं नाही, आणि नोझल मिळालं नाही की मशीन फुकट गेलं.

बेसिनवर ठेवायचे, विजेवर चालणारे फ्लॉसर साडेतीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत आहेत. मोठी टाकी, जोरकस धार, बॅटरीची कटकट नाही. मोठ्या घराला हेच बरे. पण आपल्याकडे बेसिनजवळ प्लग पॉइंट बहुधा नसतो. तो काढायला इलेक्ट्रिशियनचे पाचशे-हजार धरा, आणि ओल्या जागेचा पॉइंट असल्यामुळे शॉक बसताच वीज तोडणारा आरसीसीबी घरात आहे का, तेही त्यालाच बघायला सांगा. अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा बहिणीकडून मागवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं: तिकडचा विजेवरचा फ्लॉसर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर लावला की मोटर जळते. तिथून आणायचाच तर यूएसबीवर चार्ज होणारा आणा.

खोक्यावर एमआरपी, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं ते आणि तक्रारीचा नंबर असणं कायद्याने बंधनकारक आहे. आयातदाराचं नावच नसेल, तर वॉरंटी मागायची कुणाकडे? पावती जपून ठेवा. पहिल्या आठवड्यात मशीन रोज वापरून बघा, म्हणजे गळती किंवा बॅटरीचा दोष परतीच्या मुदतीतच कळतो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण पहिल्या दिवशी पाणी आरशावर, सदऱ्यावर सगळीकडे उडतं, कारण चालू करून मग तोंडात घातला जातो. क्रम उलटा हवा. टाकीत कोमट पाणी भरा. गार पाण्याने दात शिवशिवतात. सगळ्यात कमी प्रेशर ठेवा. बेसिनवर चांगलं वाका, नोझल तोंडात घ्या, ओठ हलके मिटा आणि मग बटण दाबा. ओठांच्या कोपऱ्यातून पाणी सतत बेसिनमध्ये पडू द्या, तोंडात साठवू नका. मान खाली, श्वास नाकाने.

सगळ्यात मागच्या दाढेपासून सुरुवात करा. नोझल हिरडीच्या कडेशी काटकोनात, दातापासून थोडं दूर. धार हिरडीच्या आत खुपसायची नाही, कडेवरून पुढे न्यायची, आणि प्रत्येक फटीशी दोन सेकंद थांबायचं. वरची बाहेरची बाजू झाली की वरची आतली, मग खालची तशीच. आतली बाजू बहुतेकांची राहते, आणि खालच्या पुढच्या दातांचं कीटण तिथेच जास्त असतं. तारा असतील तर प्रत्येक ब्रॅकेटच्या वरून आणि खालून धार द्या. पूर्ण तोंडाला मिनिट ते दोन मिनिटं लागतात. आठवडाभराने प्रेशर एक टप्पा वाढवा. दुखेल इतकं कधीच नको. जास्त जोराने जास्त सफाई होत नाही.

वेळ रात्रीची धरा, ब्रशच्या आधी. फटी मोकळ्या झाल्यावर पेस्टमधलं फ्लोराइड तिथे पोचतं. ब्रश करून फेस थुंकला की लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नका, नाहीतर तेच फ्लोराइड धुऊन जातं. पहिले काही दिवस हिरडीतून थोडं रक्त येऊ शकतं. सूज असलेल्या हिरडीतून ते येतंच. त्याला घाबरून थांबू नका.

देखभालीत खरा शत्रू म्हणजे बोअरचं पाणी. लातूर, धाराशिव, बीडकडच्या जड पाण्याने नोझलच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो आणि धार वाकडी, अशक्त होते. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. एका वेळेला पाव लिटरच लागतं. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घालून टाकी चालवा, मग साध्या पाण्याने एकदा. मिठाचं पाणी, खायचा सोडा किंवा लवंगेचं तेल टाकीत घालू नका. त्याने पंप आणि नळी खराब होते. मिठाच्या गुळण्या करायच्या असतील तर वेगळ्या करा. वापर झाला की टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. रात्रभर साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

सहा वर्षांखालच्या मुलांना फ्लॉसर देऊ नका. दाढ काढलेली असेल किंवा हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही. जखमेवरची रक्ताची गुठळी धारेने निघाली तर वेदना फार होतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी विचारून घ्या. मधुमेहींनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवं: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

दोन आठवडे नीट वापरूनही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरकडे जा. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या माणसांनी मात्र रक्ताची वाट बघूच नये. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आजार असूनही रक्त दिसत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी आणि दात आणि हिरडी यांच्यामधली खोली किती मिलिमीटर आहे, हे डॉक्टरांना नेमकं विचारावं. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त असेल तर साध्या स्केलिंगने भागेल की मुळापर्यंत सफाई लागेल आणि तिला किती खर्च येईल, हे त्याच भेटीत लिहून घ्या.