चावीवाल्याची पाचर

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तेथून धुळ्यास जाणारा सुमारे ५६ किलोमीटरांचा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा मार्ग तर त्याहूनही जुना. अशा प्रत्येक मार्गाच्या काही किलोमीटरांची जबाबदारी एका कामगाराकडे असते. हातोडा, लांब दांड्याचा पाना आणि तांबडी व हिरवी निशाणे घेऊन तो सकाळीच पायी निघतो. त्याला चावीवाला म्हणतात.

नावावरून तो कुलपे उघडीत असावा असे वाटते. परंतु त्याच्या चावीचा कुलपाशी काही संबंध नाही. रूळ आपल्या बैठकीवर घट्ट राहावा म्हणून दोहोंच्या मध्ये जी पोलादी पाचर ठोकीत, तीच ही चावी. आता पुष्कळ ठिकाणी पाचरींच्या जागी वळवलेल्या पोलादी पकडी आल्या आहेत. नाव मात्र जुनेच राहिले.

पाचर ढिली झाली तर हातोड्याने पुन्हा ठोकता येते. चावीवाल्याला अधिक जपावे लागते ते रुळांच्या सांध्यांना. दोन रुळांची टोके जेथे भेटतात, तेथे दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या लावून त्यांतून आरपार बोल्ट घालतात व नट आवळतात. या पट्ट्या म्हणजे फिशप्लेट. आगगाडीचे प्रत्येक चाक सांध्यावरून जाताना तेथे ठोका बसतो. त्यात खानदेशचा उन्हाळा! १३ मीटर लांबीचा रूळ ५० अंशांनी तापला, तर तो सुमारे साडेसात मिलिमीटर वाढतो. त्याला वाढण्यास वाव मिळावा म्हणून सांध्यात फट ठेवलेली असते आणि फिशप्लेटला वंगण दिलेले असते. म्हणजे नटाने रुळाला घट्ट धरावे, आणि वेळ आली की सरकूही द्यावे, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. मोठ्या मार्गांवर आता रूळ एकमेकांस वितळवून जोडतात, ते या सांध्यांच्या त्रासातून सुटण्यासाठीच.

नट आपोआप का सुटतो, हे समजण्यासाठी आधी तो घट्ट का राहतो हे पाहिले पाहिजे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी कड पेन्सिलीवर वळसे घेत चढताना दिसते. बोल्टचे आटे म्हणजे अशीच गुंडाळलेली चढण होय. २० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टवर ही चढण इतकी सौम्य असते, की सुमारे २३ पावले चालावे तेव्हा एक पाऊल वर जावे. नट या चढणीवर चढत जातो तसतसा बोल्ट ताणला जातो. १०० मिलिमीटर लांबीचा चांगला बोल्ट पुरेसा आवळला, तरी त्याची लांबी पाव मिलिमीटरदेखील वाढत नाही. डोक्यावरचे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल एवढीच ती वाढ. परंतु सारा जोर त्या तीन केसांएवढ्या ताणातच साठलेला असतो. ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहतो, जोडलेले भाग एकमेकांवर दाबतो, आणि या दाबामुळे उत्पन्न होणारे घर्षण नटाला जागच्या जागी धरून ठेवते.

मग हे घर्षण जाते कोठे? एक फळी किंचित उतरती करून तीवर वीट ठेवावी. वीट स्वस्थ राहते. आता तिला बोटाने आडवी, म्हणजे डावीउजवीकडे, ढकलावी. वीट आडवी सरकते, पण त्याचबरोबर थोडी खालीही उतरते. खाली कोणी ढकललेले नसताना! एका दिशेची घसरण थोपविण्यात घर्षण गुंतले, की दुसऱ्या दिशेने अडविण्यास ते फारसे उरत नाही. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नटाचे नेमके हेच होते. प्रत्येक हिसक्यासरशी तो उतरणीवरून केसभर खाली येतो. असे हिसके हजारो बसतात.

ही गोष्ट गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिली. त्याने दोन तबकड्या बोल्टने आवळून एका यंत्रात आडव्या हालविल्या. चांगले आवळलेले नटही डोळ्यांदेखत उलटे फिरू लागले. सायकलच्या प्रत्येक दुकानात मिळणारा, तोंड कापलेला स्प्रिंग वॉशर अशा परीक्षेत फारसा टिकत नाही, हेही या पद्धतीच्या चाचण्यांतून दिसून आले. तरीही लोक तो मोठ्या विश्वासाने बसवतात!

नट सुटणे ही क्षुल्लक बाब नव्हे. इंग्लंडमध्ये पॉटर्स बार स्थानकाजवळ १० मे २००२ रोजी एक आगगाडी रुळांवरून घसरली आणि सात माणसे प्राणास मुकली. रूळ बदलण्याच्या सांध्यातील सळ्यांचे नट जागेवर राहिलेले नव्हते.

यावर उपाय अनेक निघाले. बोल्टच्या टोकाला आरपार भोक पाडून खाचा असलेल्या नटातून पिन घालतात. नट सैल झाला तरी गळून पडत नाही. काही नटांत नायलॉनचे कडे असते, ते आट्यांना घट्ट धरते. नटावर दुसरा नट आवळण्याची रीत तर फार जुनी. जपानमधील कात्सुहिको वाकाबायाशी यांनी या जुन्या रीतीतच एक नवी गोष्ट मिळवली. ओसाका शहरातील सुमियोशी देवस्थानाच्या लाकडी कमानीत पाचरी ठोकलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी खालच्या नटाचा माथा किंचित एका बाजूला कललेला ठेवला व वरच्या नटात तो बसेल असा खळगा केला. वरचा नट आवळताच खालचा माथा पाचरीसारखा आत घुसतो आणि दोन्ही नट बोल्टला धरतात. जपानच्या अतिवेगवान गाड्यांत असे नट वापरले जातात. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकणाऱ्या आपल्याकडील सुताराला ही युक्ती मुळीच परकी वाटणार नाही.

परंतु जेथे बोल्ट फार मोठे असतात, तेथे मुळात आडवी घसरण होऊच न देणे हाच उपाय खरा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची मोठी वसाहत आहे. पवनचक्कीचा उंच मनोरा नळकांड्यासारखे भाग एकावर एक ठेवून रचलेला असला, की ते भाग जाडजूड बोल्टांच्या कड्यांनी जोडावे लागतात. वाऱ्याने मनोरा रात्रंदिवस झुलत असतो. तेथे बोल्ट इतक्या जोराने आवळतात, की भाग एकमेकांवर सरकूच नयेत. नुसता पाना फिरवून हे नेमके साधत नाही, कारण फिरविण्याचा बहुतेक जोर घर्षणातच खर्च होतो आणि ताणण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून पुष्कळदा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने बोल्ट सरळ वर ओढतात आणि तो ताणलेला असतानाच नट खाली बसवितात. नवे भाग एकमेकांवर रुळताना रंग व खडबडीतपणा दबतो आणि तीन केसांचा ताण दोन केसांवर येतो. म्हणून काही शे तासांनी सारे नट पुन्हा तपासावे लागतात.

नट आवळून झाला की कामगार नटावरून खालच्या पोलादापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतो. पुढल्या खेपेस तो दिव्याच्या उजेडात प्रत्येक रेघ पाहत जातो, आणि जेथे ती मध्येच मोडलेली दिसते तेथे थांबतो.